टॅपेटचा आवाज: आवळायच्या आधी मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाडी १५० सीसीची, कार्ब्युरेटरवाली, ४६ हजार किलोमीटर झालेली. रोज कात्रजहून हिंजवडी आणि परत. दोन महिन्यांपासून स्लोवर इंजिनाच्या वरच्या बाजूने टिकटिक येते, गाडी गरम झाली तरी जात नाही. एक मेकॅनिक म्हणाला, "टॅपेट आवळून देतो, पाच मिनिटांचं काम." दुसरा म्हणाला, "हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडावं लागेल." आणि तुम्ही विचारताय, हा आवाज सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बंद करता येईल का?

काम घरी करता येतं, नक्की येतं. पण आवाज बंद करायचा एवढंच डोक्यात ठेवून बसलात तर गाडीचं नुकसान कराल. आवाज खरंच टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या स्क्रूचा आहे का, आणि असेल तर स्क्रू आणि व्हॉल्व्हमधली फट, म्हणजे गॅप, आत्ता किती आहे, हे आधी कळलं पाहिजे. ते कळल्यावर कदाचित असंही ठरेल की आवाज आहे तसाच राहू द्यायचा. सत्तावीस वर्षं या धंद्यात आहे, आणि थोडा वाजणारा टॅपेट बघून मला कधी काळजी वाटली नाही. जुन्या गाडीचा टॅपेट एकदम गप्प झाला की मात्र वाटते.

हे मी नुकसान करून शिकलो. विशीत नाना पेठेत एका उस्तादांच्या हाताखाली होतो. एक रिटायर्ड गृहस्थ शंभर सीसीची गाडी घेऊन आले. टिकटिक सहन होत नाही, बंद करून दे म्हणाले. उस्ताद पार्ट आणायला बाहेर गेले होते. मी फिलर गेज (फट मोजायची बारीक धातूची पानं) न घेता, नुसत्या कानावर, आवाज जाईपर्यंत दोन्ही टॅपेट आवळले. गृहस्थ खूश होऊन गेले. अडीच महिन्यांनी गाडी ढकलत आणली. सकाळी वीस-वीस किका, स्लोवर मिसिंग, दिवे घाटात तर पहिल्या गिअरवरही ओढेना. उस्तादांनी हेड उतरवलं, एक्झॉस्टचा, म्हणजे जळलेला गॅस बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. गोल कडेचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा जळून गेला होता आणि त्याच्या आजूबाजूची कड पांढरी पडली होती. उस्ताद ओरडले नाहीत. नवा व्हॉल्व्ह, सीटिंगचं काम, पॅकिंग, सगळा खर्च त्यांनी स्वतः केला. त्या दिवसापासून गेज लावल्याशिवाय मी टॅपेटच्या स्क्रूला हात लावलेला नाही.

व्हॉल्व्ह का जळला हे समजलं की बाकीचं आपोआप समजेल. फिरणारा कॅम ज्या तरफेला ढकलतो ती रॉकर. रॉकरच्या टोकाला असलेला टॅपेटचा स्क्रू व्हॉल्व्हच्या दांडीवर दाब देतो, मग व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन तापलं की ही दांडी लांबते. तिला लांबायला जागा हवी म्हणून थंड इंजिनात स्क्रू आणि दांडी यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवतात. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, ही फट जवळपास तेवढीच. फट ठेवलीच नाही तर तापल्यावर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही, किंचित उघडा राहतो. एक तर त्या चिरेतून जळता गॅस सुटत राहतो. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर टेकलेला असतानाच हेडमध्ये जाते. टेकला नाही तर ती जाणार कुठे? तो तापत जातो आणि कडेने जळतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणून पुष्कळ गाड्यांत त्याची फट इनलेटपेक्षा (पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपेक्षा) थोडी जास्त दिलेली असते.

आता वापराने ही फट वाढते की कमी होते? दोन्ही होतं. रॉकरचा पॅड, कॅम आणि स्क्रूचं टोक झिजलं की फट वाढते, टिकटिक वाढते. व्हॉल्व्हची बैठक झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, दांडी स्क्रूच्या जवळ येते, फट कमी होते आणि आवाज कमी होतो. म्हणजे गाडी "गोड" वाजायला लागली असं आपल्याला वाटतं, तेव्हा आत व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहायला लागलेला असू शकतो. म्हणून कानाने फक्त शंका घ्यायची. निर्णय गेजवर.

तर पहिलं काम, आवाज कुणाचा हे ओळखणं. त्याच्याही आधी ऑईल बघा. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा आणि मग डिपस्टिक बघा. डिपस्टिक आटे फिरवून घालायची की नुसती टेकवायची हे गाडीगणिक वेगळं असतं, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. माझ्याकडे "टॅपेट वाजतात" म्हणून येणाऱ्या कित्येक गाड्यांत ऑईल खालच्या खुणेच्याही खाली असतं. अशा गाडीचे टॅपेट सेट करून काही उपयोग नाही.

ऑईल ठीक असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक इंजिनावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा. फिरणाऱ्या भागांपासून आणि सायलेन्सरपासून लांब राहा, गळ्यात ओढणी-मफलर नको. टॅपेटच्या झाकणावर टेकवलंत की टॅपेटचा आवाज स्वच्छ येतो: बारीक, कोरडा, एका लयीत, शिलाई मशीनसारखा. कॅमशाफ्ट क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. स्लो १४०० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७०० वेळा उघडतो, सेकंदाला जवळजवळ बारा वेळा. रेस दिली की टिकटिक त्याच प्रमाणात जलद होते, पण तिचा सूर बदलत नाही.

टायमिंग चेनचा, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या साखळीचा आवाज असा लयीत नसतो. ती खळखळते, साखळी डब्यात हलवल्यासारखी. सकाळी स्टार्ट केल्यावर आणि रेस सोडताना जास्त ऐकू येते. बऱ्याच देशी गाड्यांत ती डावीकडे, मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकाला वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूला असते, स्क्रू ड्रायव्हर तिथे टेकवून बघा. उजवीकडून खडखड येत असेल तर क्लच दाबा. आवाज गेला किंवा बदलला तर तो क्लचच्या बाजूचा. पिस्टन ढिला असेल तर थंड इंजिनात जाड टक्-टक् येते आणि गाडी तापली की कमी होते. सोबत ऑईल खात असेल आणि निळसर धूर असेल तर बोअर-पिस्टनकडे बघावं लागेल. तुमचा आवाज तापल्यावरही तसाच राहतो म्हणता, त्यामुळे ही शक्यता मला कमी वाटते.

आणखी एक आवाज टॅपेटसारखाच वाटतो आणि चांगल्या चांगल्यांना फसवतो. सायलेन्सरचा बेंड हेडला जिथे लागतो तिथलं पॅकिंग गळत असेल तर टस्-टस् किंवा टिक्-टिक् असा आवाज येतो. जोडाभोवती काळी काजळी दिसते का बघा. गेल्या काही महिन्यांत कुणी सायलेन्सर खोलला होता का, हेही आठवा. थंड इंजिन स्टार्ट करून लगेच, बेंड तापायच्या आत, जोडाजवळ हात धरला तर फुंकर जाणवते. हे पॅकिंग बदलून आवाज गेलेल्या गाड्या मी मोजायच्या सोडून दिल्या आहेत.

कात्रजच्या चढावर वरच्या गिअरमध्ये रेस पिळल्यावर टिणटिण येते आणि गिअर कमी केला की जाते, तर ते नॉकिंग, म्हणजे आत पेट्रोल नीट न जळता एकदम भडकल्याचा आवाज. टॅपेटचा त्याच्याशी संबंध नाही. आणि आवाज खालून, क्रँककेसमधून, ठक्-ठक् असा जड येत असेल, लोड आल्यावर वाढत असेल, तर गाडी तिथेच बंद करा आणि टेम्पोत घालून गॅरेजला न्या. तो कनेक्टिंग रॉडचा बेअरिंग असण्याची शक्यता आहे, आणि तशी गाडी घरापर्यंत चालवली तरी इंजिन जाम होऊ शकतं.

समजा आवाज टॅपेटचाच निघाला. आता तुमच्या गाडीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. मी जे सांगतोय ते एक इनलेट, एक एक्झॉस्ट आणि स्क्रू-लॉकनटवाल्या साध्या हेडला लागू आहे. रॉयल एन्फिल्डच्या जुन्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते ऑईलच्या दाबाने फट आपोआप सांभाळतात, तिथे सेट करायला काही नाही. ड्यूक ३९० सारख्या डबल कॅमच्या गाडीत स्क्रूऐवजी शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) बदलावे लागतात, ते पार्किंगमध्ये सुरू करू नका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीची पेट्रोल लाइन प्रेशरमध्ये असते, टाकी उतरवायची माहिती नसेल तर तीही नको. तुमची कार्ब्युरेटरची आहे, त्यामुळे चालेल.

गॅपचा आकडा मात्र मी देणार नाही. छोट्या एअर-कूल्ड गाड्यांत तो साधारण ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरच्या मध्ये कुठेतरी असतो, पण तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधूनच घ्या. एकाच नावाच्या गाडीचं इंजिन दोन-तीनदा बदललेलं असतं आणि मित्राच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीला चालेलच असं नाही.

हत्यारांत फिलर गेज चांगलं घ्या. त्यात ०.०५ पासूनची बारीक पानं आहेत ना ते दुकानातच बघा, कारच्या सेटमध्ये कधीकधी ती नसतात. नाना पेठेत सहज मिळतं, काही शे रुपयांचं काम. लॉकनटला बसणारा रिंग पाना, झाकणांचा पाना, प्लग पाना, आणि झाकणांच्या नव्या ओ-रिंगा. जुन्या ओ-रिंगा कडक झालेल्या असतात, त्या परत घातल्या तर ऑईल झिरपतं.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. नुसता हात लावून गार लागतंय एवढ्यावर जाऊ नका, रात्रभर उभी राहिलेली गाडी घ्या. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ३५ अंशांच्या खालीच मोजा असं छापलेलं असतं. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सावलीतसुद्धा पारा त्याच्या वर जातो, म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी सात-आठलाच उरकायचं.

पेट्रोलचा कॉक बंद करून टाकी उतरवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाइटच्या मीटरचे बोर्ड असतात, त्यांच्यापासून आणि बिडी-सिगारेटपासून लांब बसा. प्लग काढायच्या आधी त्याच्या भोवतीची माती फुंकून, ब्रशने साफ करा. बायपासवरची धूळ तिथे थर करून बसलेली असते आणि प्लग काढला की ती सरळ बोअरमध्ये जाते. प्लग काढायचाच, कारण त्याशिवाय इंजिन हाताने नीट फिरत नाही. मग टॅपेटची आणि मॅग्नेटची झाकणं काढा. मॅग्नेटच्या नटावर पाना लावून क्रँक घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवायचा असतो, आणि नटही त्याच दिशेने सुटतो. प्लग आत असेल तर कॉम्प्रेशनच्या जोराने इंजिन फिरायच्या ऐवजी नटच ढिला होईल. नटावर पाना लावायचाच नसेल तर गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक पुढच्या दिशेने हळूहळू फिरवा.

आता सगळ्यात जास्त चुका जिथे होतात ती जागा. पिस्टन वर येऊन दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना मोजायचं असतं. मॅग्नेटवर "टी" ही खूण असते, ती खिडकीतल्या खाचेसमोर आणायची. शेजारी "एफ" अशी खूणही असते, ती स्पार्कची, तिच्यावर थांबू नका. पण "टी" खूण चार स्ट्रोकमध्ये दोनदा येते. एकदा कॉम्प्रेशनला, म्हणजे आतलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जाताना, आणि एकदा एक्झॉस्ट संपून इनलेट सुरू होताना. दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात. तिथे मोजायला गेलात तर गेज आत जाणारच नाही. तुम्ही स्क्रू भरमसाट ढिला कराल आणि गाडी खडखडा वाजेल. म्हणून इनलेटच्या रॉकरवर नजर ठेवा. तो खाली दबेल, परत वर येईल, आणि त्यानंतर जी पहिली "टी" येईल ती आपली. तिथे दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा. दोन्हींत बारीकसा टक्-टक् खेळ लागला पाहिजे. एक हलतोय आणि दुसरा घट्ट आहे असं दिसलं तर आधी इंजिन पुढे फिरवून, इनलेटचा रॉकर दबून वर आल्यानंतरची खूण पुन्हा लावा. तरीही एक घट्टच राहिला तर त्याची फट संपलेली आहे.

आता काहीही न हलवता मोजा. ०.०५ चं पान घाला, मग ०.०८, मग ०.१०. जे पान जातं आणि जे जात नाही, दोन्ही कागदावर लिहा, इनलेटचं वेगळं, एक्झॉस्टचं वेगळं. हे दोन आकडे तुमच्या हेडची तब्येत सांगतात. नुसता स्क्रू फिरवून टाकलात तर ती माहिती कायमची गेली.

फट मॅन्युअलपेक्षा जास्त निघाली तर सेट करा, ही चांगली बातमी आहे. बरोबर निघाली तर झाकण लावून टाका, तुमचा आवाज दुसरा कुठला तरी आहे. एक्झॉस्टची फट खूपच कमी निघाली, किंवा पान जातच नाही, तर ती मॅन्युअलइतकी करा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. परत कमी झाली असेल तर बैठक झिजते आहे, आणि हेड उघडायला सांगणारा दुसरा मेकॅनिक बरोबर होता असं समजा.

सेट करताना रिंग पान्याने लॉकनट ढिला करा, पान फटीत ठेवा आणि स्क्रू हलकेच फिरवा. पान ओढताना किंचित चिकटल्यासारखं लागलं पाहिजे, पुस्तकाच्या मिटल्या पानांतून नोट ओढावी तसं. या स्क्रूचे आटे बारीक असतात. पिच अर्ध्या मिलिमीटरचा धरला तर पाव फेरा म्हणजे ०.१२५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास आपल्या पूर्ण फटीएवढं. त्यामुळे इथे फेऱ्यांची भाषाच नाही, केसभर फिरवायचं. मग स्क्रू एका हाताने धरून ठेवून लॉकनट आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा मोजा. नट आवळताना स्क्रू हटकून थोडा सरकतो. मला अजूनही कधीकधी तीनदा करावं लागतं. नटाचा टॉर्क मॅन्युअलमध्ये असतो, टॉर्क रेंच नसेल तर छोटा पाना धरून मनगटाचा जोर पुरे. खांद्याचा जोर लावलात तर आटे जातील. आणि मॅग्नेटवरचा पाना काढल्याशिवाय सेल्फ मारू नका.

सगळं बरोबर करूनही टिकटिक राहिली तर स्क्रूचं टोक बघा. जुन्या गाडीत त्या टोकाला दांडीच्या आकाराचा खड्डा पडतो. गेजचं सपाट पान खड्ड्यावरून आडवं जातं, आकडा बरोबर दाखवतं, पण खरी फट खड्ड्याच्या खोलीएवढी जास्त असते. अशा वेळी पुष्कळ जण स्क्रू आणखी आवळतात. तसं करू नका. स्क्रू आणि नट नवे घ्या, महाग नसतात, आणि सोबत रॉकरचा पॅड आणि कॅम झिजलाय का तेही बघून घ्या.

तुमच्या वापराबद्दल एक सांगतो. नवले पुलापासून वाकडपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीचे ४६ हजार किलोमीटर आणि हायवेवरचे ४६ हजार किलोमीटर सारखे नसतात. किलोमीटर तेवढेच दिसतात, पण इंजिन कितीतरी जास्त तास चाललेलं असतं, तेही वारा न लागता. त्यामुळे मॅन्युअलमध्ये टॅपेट तपासायचं जे अंतर दिलंय त्याच्या पुढे जाऊ देऊ नका, थोडं आधीच बघितलं तर उत्तम.

या रविवारी सकाळी फक्त एवढं करा: ऑईल, सायलेन्सरचा जोड, मग थंड इंजिनात दोन आकडे. स्क्रूला हात न लावता आकडे, गाडीचं नेमकं मॉडेल आणि साल मला कळवा. सकाळी पहिल्या स्टार्टला किती वेळ लागतो आणि स्लोवर मिसिंग आहे का, तेही लिहा. सेट करायचं की हेड बघायचं ते त्यावरून सांगतो.